ह्याच्यात शाळू दळंल का?

घरघंटी, म्हणजे घरात ठेवायची विजेची छोटी गिरण, बघायला शंभर फुटी रोडवरच्या दुकानात आम्ही शिरलो तेव्हा आत्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत चार किलो शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. मी घरातच म्हटलं होतं, पिशवी कशाला, आज नुसतं बघून यायचंय. आत्या म्हणाल्या, "बैल घ्यायला गेलं तर दात बघत्यात. ह्याचं दात पोटात. मग काय बघायचं? दळून बघायचं."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर जतकडचं, म्हणजे पाऊस कमी आणि शाळू चांगला. सांगलीत येऊन पन्नास वर्षं झाली तरी कृष्णाकाठच्या माणसांबद्दल त्यांचं एक ठाम मत आहे, की ऊस आला आणि ह्यांना भाकरी कळेनाशी झाली.

दुकानातला पोरगा चुणचुणीत होता. एक एचपीची मोटार, तांब्याचं वाइंडिंग, सहा जाळ्या, आपोआप साफ होणार, दार उघडं असलं तर चालूच होणार नाही. सनमायक्यावर फुलं होती, तीन रंगांत. त्याचं सगळं संपेपर्यंत आत्या गप्प उभ्या होत्या.

"ह्याच्यात शाळू दळंल का?"

"हो आजी. गहू, ज्वारी, बाजरी, डाळी, सगळं दळतं."

"दळंल ते मला बी कळतंय. भाकरी हुईल का?"

पोरगा हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करतीय. माहितीपत्रकावर फुगलेल्या चपातीचा फोटो होता. त्यानं तोच पुढं केला.

हा प्रश्न गमतीचा नाही. गव्हाचं पीठ कसंही दळा, त्याला ग्लूटेनचा आधार असतो. पाणी घालून मळलं की ते स्वतःला धरून ठेवतं. थोडं रवाळ असलं तर चपाती जरा वातड होईल, पण होईल. ज्वारीत ग्लूटेन नाहीच. ज्वारीची भाकरी उभी राहते ती पिठाच्या बारीकपणावर, पाण्यावर आणि करणारीच्या तळहातावर. दोन दगडांत दाणा रगडला जातो तेव्हा त्यातला स्टार्च थोडा चेचला जातो. असा चेचलेला स्टार्च पाणी जास्त पितो, म्हणून पीठ एकमेकांना धरून बसतं. तेच आपल्या घरात 'विरी' म्हणून ओळखलं जातं. पीठ शिळं झालं की विरी जाते, मग उकळतं पाणी घालून ती थोडीफार परत आणायची. गरम पाण्यानं स्टार्च अर्धवट शिजतो आणि चिकटतो. आत्यांना स्टार्च माहीत नाही. पण परातीत थापताना भाकरीच्या कडेला चिरा पडायला लागल्या, की "दळणारा झोपला हुता" एवढं त्या सांगू शकतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून हे सगळं मला माहीत आहे. माझ्या भाकरीला मात्र चिरा पडतात.

आता घरघंटी घ्यायची वेळ का आली ते सांगते. आमचं घर गावभागात. सांगलीत घर कुठं म्हणून विचारणारा लगेच पुढचा प्रश्न विचारतो, पुराचं पाणी येतं का? आमच्याकडं येतं. बोळाच्या तोंडाला गिरण होती, पट्ट्याची, मोठ्या मोटारीची. गिरणीवाल्या मामांच्या भुवया पांढऱ्या होत्या. वयानं की पिठानं, हे मला लग्नानंतर बारा वर्षांनी कळलं, एका मुंजीत ते अंघोळ करून आले तेव्हा. पिठानंच होत्या.

मामांना घरोघरचं पीठ पाठ होतं. डब्याला चिठ्ठी लागायची नाही. डब्याचा पोचा बघून त्यांना कळायचं की हा शाळू अमक्यांचा, बोटाला लागला नाही पाहिजे. हा गहू तमक्यांचा, लग्नघरातला, जरा मोठा चालेल. कापडी तोंडातून पीठ पडायला लागलं की धारेत हात घालायचे, अंगठ्यावर चिमूट चोळायचे आणि दुसऱ्या हातानं दगड आवळायचं चाक नखभर फिरवायचे. बाजरीवर शाळू घ्यायचा नाही. डाळीवर गहू तर नाहीच. दगडाला टाकी लावली, म्हणजे छिन्नीनं टोचून धार आणली, की पहिलं दळण कुणाचं घ्यायचे नाहीत. दोन-तीन किलो मातेरं घालून आधी कच काढून टाकायचे. एवढ्या नियमांनी चालणारी दुसरी जागा आमच्या भागात नव्हती. शाळाही नाही, मी तिथं नोकरी करते म्हणून सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. बाहेरगावच्यांसाठी सांगते, ४० ला इशारा आणि ४५ ला धोका. मामांनी मोटार खोलून विश्रामबागेतल्या मुलीकडं पोचवली. दगड राहिले. पाणी उतरून गाळ काढेपर्यंत ते दगड भिजत होते.

गिरणीचे हे दगड पाथरवटानं घडवलेले नसतात. एमरीचे कठीण कण मॅग्नेसाइटच्या सिमेंटात मिसळून ते साच्यात ओततात. कोरडे असेपर्यंत वर्षानुवर्षं काम देतात. पण ते सिमेंट पाण्याचं नाही, बराच काळ भिजलं की धरत नाही. मामांनी टाकी मारली तर पोपडा निघून आला. ते काहीच बोलले नाहीत, पोपडा उचलून खिडकीत ठेवला. मग नवे दगड घातले, नवा पट्टा घातला. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५५ च्या आसपास आलं. त्यानंतर शटर उघडलं नाही.

त्याच दोन पुरांत आमच्या माजघरातलं जातंही बुडालं होतं. आत्यांच्या सासूबाईंच्या वेळचं, काळ्या दगडाचं. आमचा फ्रिज गेला, दिवाण फुगला, कपाटाची दारं लागेनात. जात्याच्या दोन तळ्या वेगळ्या करून खराट्यानं घासल्या, दोन दिवस उन्हात ठेवल्या, मूठभर तांदूळ घालून फिरवले. पहिलं पीठ मातकट आलं. दुसऱ्या मुठीला पांढरं. काम संपलं.

मग जात्यावरच दळा की, असं आमच्या एका शहरी पाहुण्यांनी सुचवून बघितलं. ओव्या, आरोग्य, खांद्याला व्यायाम वगैरे. आत्यांनी त्यांना चहा दिला. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, ते कसं, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाल्या, "सुचंल न्हाई तर काय! पहाटं तीनला उठवायच्या. वव्या म्हटल्या न्हाईत तर झोप लागून डोकं खुट्यावर आपटायचं." हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात हे मी त्यांना सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. "लाख? म्हंजे किती पीठ झालं आसंल गं!" त्यांनी ओव्या मोजल्याच नाहीत, पायल्या मोजल्या.

तर घरघंटी. आमच्या ह्यांनी आधी हिशोब मांडला. हे पतसंस्थेत आहेत, हिशोबाशिवाय चप्पलही घेत नाहीत. महिन्याचं दळण २० किलो. गिरणीचा दर किलोला ६ रुपये, म्हणजे १२० रुपये. यंत्र २० हजारांचं. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, वर मोटारीत वाया जाणारी वीज धरली तर तासाला साधारण एक युनिट. तासाला पाच किलो धरले तर महिन्याला चार तास, चार युनिट, ३६ रुपये. वाचले ८४. २० हजार भागिले ८४. कागद त्यांनी माझ्याकडं सरकवला. "वीस वर्षांना दोन महिने कमी. तेवढ्यात पैसे वसूल." आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या मग. दोन महिनं मी वाट बघीन."

दुकानं फिरल्यावर कळलं की ह्या यंत्रांची मुळात दोनच घराणी आहेत. एक पातीवालं. मोटारीच्या दांड्यावर पोलादी पाती, मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे, भोवती जाळी. दाणा आत पडला की पाती त्याला झोडपत राहतात, जाळीतून जाण्याइतका बारीक होईतो. पिठाचा पोत जाळी ठरवते. जाळी बदलली की पीठ बदललं. दुसरं दगडवालं, म्हणजे मामांच्या गिरणीचंच लेकरू, दोन लहान एमरीचे दगड आणि त्यांतलं अंतर कमीजास्त करणारी मूठ. पातीवाल्यात दाणा फुटतो, दगडवाल्यात रगडला जातो. भाकरीचा सगळा झगडा ह्या दोन क्रियापदांतला आहे, आणि एकाही दुकानात हे कुणी सांगितलं नाही. सांगतात काय, तर सनमायका किती रंगांत येतो. बरीचशी यंत्रं राजकोटकडची. तिकडं बाजरीचा रोटला असतो म्हणा, त्यांना भाकरी कळत नसेल असं नाही. ती दुकानदारापर्यंत पोचेतो मध्ये कुठंतरी गळाली.

दोन दुकानांनी आमचा शाळू घालायला नकार दिला. दाखवायचं ते गव्हावरच दाखवू म्हणाले. तिसरं दुकान गणपती पेठेकडचं, अंधारं, पुढं पंप आणि पाइप मांडलेले. मालक म्हातारे. आत्यांच्या पिशवीकडं बघून म्हणाले, "आणलाय न्हवं? घाला." त्यांच्याकडं दोन्ही प्रकार होते. दोन्हींत दोन-दोन किलो शाळू घातला. पातीवाल्यात सगळ्यात बारीक जाळी लावली. दोन्ही पिठं गरम निघाली, दगडवालं जास्त. मालक म्हणाले, "डब्यात लगीच झाकू नका, निवू द्या. वाफ धरली की गोळं हुत्यात." तेवढ्यावरच मला ते दुकान पटलं.

दोन पिशव्या घरी आणल्या. मी शहाणपणा केला: पिशव्यांवरच्या खुणा काढून एकीच्या गाठीत लाल दोरा बांधला आणि आत्यांना सांगितलं, कुठलं कुठलं ते मी सांगणार नाही, तुम्ही भाकरी करून ठरवायचं. म्हटलं, शाळेत करतो तसा प्रयोग करू. आत्यांनी पाणी तापत ठेवलं. दोन्ही पिशव्यांत एकेकदा अंगठा घातला. "ही दगडाची," म्हणाल्या आणि प्रयोग संपला. भाकरी केल्या त्या जेवायला.

दगडाची भाकरी सरस होती, ह्यात वाद नाही. पातळ थापली गेली, कड अखंड, तव्यावर टम्म. पातीच्या भाकरीला एका बाजूनं दोन चिरा गेल्या आणि ती फुगली अर्धीच. तरीही आम्ही पातीवालं घेतलं, आणि तेही आत्यांनीच ठरवलं. एक तर आमच्या घरात नुसतं पीठ लागत नाही. कण्या लागतात, थालीपिठाची भाजणी लागते, माडग्यासाठी हुलगा लागतो, लाडवाला डाळ रवाळ लागते. जाळ्या बदलून हे सगळं निघतं. लहान दगडावर भरड नीट निघत नाही. दुसरं कारण त्यांनी मालकांना विचारलं. "ह्यो दगुड गिरणीतल्यासारखाच का? वतीव?" मालक म्हणाले, हो. आत्यांनी नुसती मान हलवली. मामांच्या खिडकीतला पोपडा त्यांनीही बघितला होता.

तिसरा प्रश्न ह्यांचा. यंत्राला चाकं आहेत का, दोघांना जिन्यानं उचलेल का आणि तळाचं प्लाय कसलं आहे. दुकानातल्या नोकराला वाटलं, आम्ही फ्लॅटवाले. मालकांनी मात्र विचारलं, "गावभाग का?"

पहिले सहा महिने फजितीचे गेले. मी कारळ्याची चटणी करायची म्हणून भाजलेले कारळे त्यात घातले. पुस्तिकेत लिहिलं होतं तेलाचं काही घालू नका. पण कारळे म्हणजे मला कोरडंच वाटलं. जाळीला काळा लेप बसला, तो दाभणानं भोकन् भोक काढायला रविवार गेला. शेंगदाणे, तीळ, जवस, ह्यांचंही तेच. तांदूळ धुऊन घरात सुकवून घातले, तर ते वरून कोरडे आणि आतून दमट निघाले, जाळी पुन्हा तुंबली. मग एकदा यंत्र चालूच होईना. फोन केला, चार दिवसांनी माणूस आला, दाराच्या कोपऱ्यातल्या बारक्या बटणावर साठलेलं पीठ त्यानं फुंकून काढलं आणि ३०० रुपये घेतले. वॉरंटीत फुंकर येत नाही म्हणे.

पुस्तिकेत आणखी एक ओळ होती, अख्खी हळकुंडं घालू नयेत. हे वाचून आत्या मनापासून हसल्या. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आमची हळद, जिच्यासाठी सांगलीजवळच्या हरिपुरात माणसं जमिनीत पेवं, म्हणजे साठवणीचे खोल खड्डे, खणून बसली, आणि सांगलीत विकायला आलेलं यंत्र म्हणतंय हळद नको. (ती पेवंही २००५ च्या पुरात पाण्यानं भरली. सांगलीतली कुठलीही गोष्ट सांगायला घ्या, तिसऱ्या वाक्याला पूर येतोच.) हळद आणि तिखट अजून डंकावरच, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीतच, जातं. ते घरात कुटायचं म्हटलं तर बोळ शिंकेल.

भाकरीवर उपाय आत्यांनी महिनाभरात काढला. शाळू एकदम बारीक जाळीत घालायचा नाही. आधी मोठ्या जाळीतून भरडून घ्यायचा, निवू द्यायचा, मग बारीक जाळीतून दुसऱ्यांदा. वेळ दुप्पट, वीज दुप्पट, ह्यांचा कागद फाडून टाकावा लागेल अशी अवस्था. आणि एका वेळी तीन दिवसांपुरतंच. मामांच्या पिठाची सर आली का विचारलं तर म्हणतात, "सोळा आणं न्हाई. चौदा." मी म्हणते, चौदा खूप झाले. त्या म्हणतात, दोन आणं कुठं गेलं ते बघाय पायजे, आणि आणखी एक चिमूट अंगठ्यावर चोळतात.

मला वाटलं होतं, घरघंटी आली की आत्यांचं बाहेर जाणं बंद होईल. चाळीस वर्षं त्या डबा घेऊन गिरणीत जात होत्या. दळणाला अर्धा तास लागायचा आणि त्या दीड तासानं यायच्या, कुणाची सून माहेरी गेली इथपासून शाळूचा भाव काय फुटला इथवर सगळं घेऊन. तसं काही झालं नाही, उलटंच झालं. गिरण बंद झाल्यावर बोळातल्या बायकांना दळणासाठी लांब जावं लागत होतं. पहिल्यांदा शेजारच्या काकू "आत्या, किलोभरच डाळ हाय" म्हणत आल्या. मग समोरच्या आल्या. मग कोपऱ्यावरच्या बाळंतिणीची आई नाचणी घेऊन आली. आता आमच्या माजघरात दुपारी तीनला चार डबे असतात आणि आत्या पाटावर बसून हुकूम सोडत असतात. बाजरीवर शाळू न्हाई. ओलसर हाय हे, उद्या आण. आगं, खडं निवडलं न्हाईस, पाती मोडतील माझी.

मोटार तापते. ओव्हरलोडचं बटण टकदिशी उडतं, मग पंधरा मिनिटं सगळ्याजणी बसून राहतात, बहुतेक त्या बटणासाठीच आलेल्या असतात असा मला संशय आहे. हे पैशाचं नाव काढतात. निदान विजेचे तरी घ्या, घरगुती मीटर आहे, मोटारही घरगुतीच. आत्या ऐकत नाहीत. फक्त प्रत्येकीच्या पिठातली चिमूट त्या अंगठ्यावर घेतात आणि ज्याचं त्याला सांगतात, "तुजं जरा मोठं आलंय. थांब, जाळी बदलते." एक दिवस मी शाळेतून आले तर त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या होत्या. मी काही बोलले नाही, पदर ओला करून दिला.

गेल्या पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि रात्री नऊला आयर्विनला पाणी चाळिशीला टेकलं. बोळात फोन सुरू झाले. आमच्याकडं ठरलेलं असतं, आधी कागदपत्रं, मग धान्याची पोती, मग घरघंटी. ह्यांनी आणि पोरानं जाळ्यांचा डबा काढून घेतला, चाकांवरनं यंत्र जिन्यापर्यंत ढकलत आणलं आणि एकेक पायरी मोजत वर चढवलं. मधल्या वळणावर सनमायक्याचं एक फूल खरचटलं. आत्या खाली माजघरात, हातात बॅटरी घेऊन.

"चढलं का वर?" त्यांनी खालून विचारलं.

"चढलं, आत्या. तुम्ही या आता. जातं राहिलंय, ते कसं करायचं?"

बॅटरीचा झोत एकदा जात्यावर फिरला.

"त्येला काय हुतंय," त्या म्हणाल्या, खुंटा उपसून काखेत घेतला आणि जिन्याच्या कठड्याला हात लावला.